माथ्यावरचे पाणी आणि पायथ्याची विहीर

उन्हाळ्याची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परतली की त्यांच्या बोलण्यातून गावाची अवस्था कळते. “सर, आमच्याकडे टँकर सुरू झाला” हे वाक्य पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडील मुलांच्या तोंडून मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकले, याची गणती नाही. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर पाऊस मुसळधार कोसळतो. पूर्वेकडे मात्र सह्याद्रीची पर्जन्यछाया पसरलेली आहे. पण पाऊस कमी म्हणजे पाणी नाहीच, हा समज तपासून पाहिला पाहिजे.

हिशोब सोपा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लीटर पाणी होते. वर्षाला ४०० मिलिमीटर पाऊस धरला तर हेक्टरी ४० लाख लीटर आणि एका गुंठ्यावर सुमारे ४० हजार लीटर पाणी पडते. ते वाहून जाते आणि जाताना माती घेऊन जाते, हेच खरे दुखणे होय.

यावरचा उपाय ‘माथा ते पायथा’ या क्रमाने करावा लागतो. प्रथम डोंगरमाथ्यावर पाणनळीने समपातळी काढून सलग समतल चर खोदायचे. साधारण दोन फूट रुंद आणि एक-दीड फूट खोल. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकून तिच्या भरावावर झाडे लावायची. त्याखाली शेताची बांधबंदिस्ती, ओघळीत दगडी बांध आणि सर्वांत शेवटी पाझर तलाव. हा क्रम उलटा केला, म्हणजे माथा उघडा ठेवून खाली तलाव बांधला, तर काही पावसाळ्यांतच तो गाळाने भरतो. उद्घाटनाची कोनशिला तेवढी शिल्लक राहते!

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने हा क्रम पाळला. १९७२ च्या दुष्काळानंतर मोडकळीस आलेल्या या गावात १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली काम उभे राहिले. मला त्यातील चरांपेक्षा नियम महत्त्वाचे वाटतात. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली. गवत विळ्याने कापून न्यायचे ठरले. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके नाहीत. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो; आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आणि मग पिके.

झाडांची निवडही हिशोबानेच करावी. माथ्यावरच्या मुरमाड जागेत कडुलिंब, हिवर, खैर, बोर, सीताफळ टिकतात. बांधावर बाभूळ, करंज, शेवगा चालतात. गिरीपुष्पाचा पाला शेतात टाकला तर उत्तम हिरवळीचे खत होते. गुलमोहर लावून छायाचित्र काढण्यास माझा विरोध नाही. परंतु शेळीला त्याचा उपयोग नाही आणि बाईला त्याचे फळ नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपांना पाणी कोण घालणार, हे खड्डा खणण्यापूर्वीच ठरलेले असावे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती. चर माथ्यावर खोदतात आणि पाणी पायथ्याच्या विहिरीत उतरते. ती विहीर कोणाची असते? आमच्या गावी पाणलोटाचे काम झाले तेव्हा आमच्या वस्तीतील माणसे रोजंदारीवर चर खोदत होती. वस्तीकडे होती ती गावकुसाबाहेरची, उतारावरची हाडकी-हाडोळ्याची जमीन. दोन वर्षांनी खालच्या विहिरींना पाणी आले आणि त्यावर ऊस उभा राहिला. आमच्याकडे मात्र चराईबंदीचा ठराव आला. माझ्या चुलतीने तीन शेळ्या विकल्या, त्या पुन्हा घेतल्या नाहीत. बंदी चुकीची होती असे मी म्हणत नाही. कोवळी रोपे शेळीपुढे टिकत नाहीत. परंतु कापलेल्या गवतात भूमिहीनांचा वाटा किती, हे त्या ठरावात लिहिलेले नव्हते.

वतनाची ही जमीन म्हणजे गुलामीच्या बदल्यात मिळालेला तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली आला. भारतातील लहान धारणक्षेत्रांवरील १९१८ सालच्या निबंधात जमीन किफायतशीर आहे की नाही हे केवळ तिच्या आकारावरून ठरत नाही, तिच्यात भांडवल व श्रम किती पडतात हे पाहावे लागते, असे त्यांनी दाखवून दिले होते. त्याही आधी, १८८३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बांध घालून पावसाचे पाणी शेतात मुरवावे आणि त्यासाठी सरकारने पलटणीतील शिपाई कामास लावावेत, अशी सूचना केली होती. पाणलोटाची कल्पना आपल्याकडे परदेशी अनुदानासोबत आली असे मानणाऱ्यांनी ते पुस्तक उघडून पाहावे.

वाट्याचा प्रश्न सुटू शकतो, याचा दाखला शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात वाटले गेले; माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि ऊस वर्ज्य ठरला.

आपले माजी विद्यार्थी आज ग्रामसेवक, अभियंते, सरपंच आहेत. गावात पाणलोटाचा आराखडा येईल तेव्हा सही करण्यापूर्वी त्यात तीन गोष्टी लेखी आहेत का ते पाहावे: गवताचा व सरपणाचा वाटा, सामाईक पाण्यावर भूमिहीनांचा हक्क आणि उतारावरच्या लहान तुकड्यांची बांधबंदिस्ती. आणि ज्यांच्याकडे घराभोवती एक गुंठाच आहे, त्यांनी मोरीच्या सांडपाण्यावर शेवगा, पपई, कढीपत्ता लावावा व छताचे पाणी एका शोषखड्ड्यात सोडावे. त्या गुंठ्यावर पडणारे ४० हजार लीटर पाणी कोणाच्या ठरावाची वाट पाहत नाही.