बाल्कनी हवी की झोप? क्रूझच्या केबिनविषयीचे गैरसमज

क्रूझ बुक करताना घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाल्कनी घ्यायची का? लगेच दुसरा: किती जास्त पडतील? केबिन कुठल्या मजल्यावर आहे, जहाजाच्या पुढच्या भागात की मागच्या, तिच्या डोक्यावर काय आणि पायाखाली काय, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. ग्रुप टूरवाले आपणहून सांगत नाहीत. पॅकेजमध्ये बहुधा आतली, बिनखिडकीची केबिन धरलेली असते आणि तिचा नंबर निघायच्या तोंडावर कळतो. वास्तविक बोट लागणार की नाही, पहाटे झोपमोड होणार की नाही, गुडघे दुखणाऱ्या आईला नाश्त्यापर्यंत किती चालावं लागणार, हे सगळं केबिनच्या जागेवर ठरतं. बाल्कनी ही हौस झाली. हौसेला मोल नसतं म्हणतात. क्रूझ कंपन्यांनी ते बरोबर लावलेलं असतं.

“जितकी वर, तितकी चांगली”

हॉटेलात वरचा मजला मागून घ्यायची सवय जहाजावर नडते. समुद्रात जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. लाटा समोरून आल्या की पुढचं टोक वर उचललं जातं आणि मागचं खाली जातं, मग उलट. लाटा बाजूने आल्या की जहाज डावी-उजवीकडे डुलतं. पहिल्या प्रकारात दोन्ही टोकं सगळ्यात जास्त वरखाली होतात आणि मधला भाग त्या मानाने जागेवर राहतो. दुसऱ्या प्रकारात जितकं उंच जाल तितका झोका मोठा. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून ज्यांनी घाट उतरलाय, त्यांना पुढचं सांगायला नको.

तेव्हा ज्यांना गाडी लागते, त्यांची केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध असावी. अशी केबिन बहुतेक वेळा स्वस्तही पडते. उलट अगदी वरच्या मजल्यावरची, अगदी पुढची, भल्यामोठ्या काचेची महागडी केबिन समुद्र खवळला की सगळ्यात जास्त हलते. विकणारा म्हणतो, “आता स्टॅबिलायझर असतात, काही कळत नाही.” हे अर्धंच खरं आहे. पाण्याखाली दोन्ही बाजूंनी बाहेर काढता येणारे ते पोलादी पंख डावं-उजवं डुलणं बरंच कमी करतात. टोकांच्या वरखाली होण्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही.

यात खिडकीचा प्रश्न येतो तो वेगळ्या कारणाने. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण हलतोय, आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. क्षितिजाकडे पाहिलं की दोघांचं म्हणणं जुळतं आणि जरा बरं वाटतं. म्हणून ओकारीची भीती खरी असेल, तर उंचावरच्या बाल्कनीचे पैसे वाचवून खालची, मधली, खिडकीची केबिन घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळा सरल्यावर अरबी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, त्यामुळे हिवाळ्यात मुंबई-गोवा करणाऱ्यांना याची झळ कमी लागते. उत्तर अटलांटिककडे निघालेल्यांनी मात्र हे गांभीर्याने घ्यावं. गोळीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं; मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग कमी होतो.

“लिफ्टपासून लांब, म्हणजे शांत”

लिफ्टचा आवाज केबिनमध्ये क्वचितच येतो. आवाज येतो तो डोक्यावरून. स्विमिंग पूलच्या थेट खालची केबिन असेल, तर उजाडायच्या आत कर्मचारी आरामखुर्च्या ओढून रांगा लावायला लागतात: खर्रर्र, जरा शांतता, पुन्हा खर्रर्र, आणि अशा पाच-पन्नास खुर्च्या. बुफेच्या खाली ट्रॉल्या, जिमच्या खाली आपटणारी वजनं. नाइट क्लबच्या वरच्या केबिनमध्ये गाणं ऐकू येत नाही, नुसता ठेका येतो, तोही पलंगाच्या पायांतून, मध्यरात्र उलटून गेल्यावरसुद्धा.

पुढच्या टोकाला, खालच्या मजल्यावर वेगळाच प्रकार असतो. धक्क्याला लागताना जहाज आडवं सरकवण्यासाठी पुढच्या भागात पाण्याखाली पंखे बसवलेले असतात. त्यांना बो थ्रस्टर म्हणतात. जहाजं बहुधा सकाळी लवकर बंदरात शिरतात. आधी टेबलावरचा ग्लास किणकिणायला लागतो, मग जमिनीतून घरघर येते, भिंतीचं पॅनेल थरथरतं आणि काही मिनिटांनी सगळं एकदम गप्प होतं. तोवर झोप उडालेली असते. बंदरात मोठ्या जहाजाला धक्का नसेल आणि नांगर टाकावा लागला, तर साखळी सुटतानाचा खडखडाटही याच लोकांच्या वाट्याला येतो. मागच्या टोकाला प्रोपेलरची थरथर असते, विशेषतः जुन्या जहाजांवर.

यावरचा उपाय फुकट आहे. प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, कंपनीच्या वेबसाइटवर मिळतो. आपल्या केबिनवर बोट ठेवायचं, मग त्याच जागी वरचा मजला पाहायचा, मग खालचा. वरही केबिन आणि खालीही केबिन असेल तर बिनधास्त घ्यावी. एखादा नाव नसलेला कोरा चौकोन लागून असेल तर सावध व्हावं. तिथे कर्मचाऱ्यांची पॅन्ट्री किंवा सामानाची लिफ्ट असण्याचा संभव असतो. दोन केबिनच्या मधल्या भिंतीवर छोटी खूण दिसली, तर तिथे एकमेकींत उघडणारं दार आहे असं समजावं. चौघांच्या कुटुंबाने दोन केबिन घेतल्या असतील तर हे दार वरदान. पलीकडे अनोळखी माणसं असतील तर त्यांची खोकला-भांडणं आपल्या खोलीत.

लिफ्टचं म्हणाल, तर वयस्कर माणसं सोबत असताना लिफ्टजवळचीच केबिन घ्यावी. आयकॉन ऑफ द सीज हे जहाज 365 मीटर लांब आहे. चुकीच्या टोकाला केबिन मिळाली तर चष्मा विसरल्याची शिक्षा मोठी होते. चाकाची खुर्ची असेल तर त्यासाठीची खास केबिन बुकिंगच्या वेळीच मागावी. साध्या केबिनचं दार अरुंद असतं आणि बाथरूमला बराच उंच उंबरठा असतो.

“बाल्कनी, म्हणजे समुद्र”

ओअॅसिस ऑफ द सीज 2009 साली आलं, तेव्हापासून हा समज मोडीत निघाला आहे. जहाजाच्या पोटात उघड्या आकाशाखाली खरी झाडं लावलेली बाग आहे आणि तिच्याकडे तोंड करून बाल्कन्यांच्या रांगा. बागेकडची बाल्कनी वाईट नाही, पण सकाळी चहा घेऊन बाहेर आल्यावर समोर समुद्राऐवजी दुसऱ्याची बाल्कनी दिसते. बुकिंगच्या पानावर दोन्हीला ‘बाल्कनी’च म्हटलेलं असतं; फरक पुढच्या दोन शब्दांत असतो. क्वीन मेरी 2 वर काही बाल्कन्या जहाजाच्या पोलादी अंगातच कोरलेल्या आहेत. वारा लागत नाही, पण पुढचा कठडा पोलादी, खुर्चीत बसलं की समुद्र दिसेनासा होतो. 2018 च्या सेलिब्रिटी एज जहाजावर तर बाल्कनीवाल्या बहुतेक केबिनना वेगळी बाल्कनीच नाही. खोलीच्या टोकाची मोठी काच अर्ध्यापर्यंत खाली सरकते. काहींना हे फार आवडतं. मला ती महाग खिडकी वाटते.

‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ असं लिहिलेलं असेल, तर बहुधा खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते. कधी तिची नुसती दोरखंडं आड येतात, तर कधी नारिंगी भिंतीशिवाय काही दिसत नाही. तरी दिवसा उजेड येतो आणि भाव उतरलेला असतो, त्यामुळे हा सौदा नेहमीच वाईट नसतो. अगदी पुढे तोंड असलेल्या खिडकीवाल्यांना रात्री पडदे ओढून घ्यावे लागतात. वर ब्रिजवरून जहाज चालवणाऱ्यांना समोर काळोख लागतो, खालून आलेल्या उजेडाने त्यांना दिसण्यात अडथळा येतो.

मुंबईच्या वाचकांसाठी एक गोष्ट. 2021 पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणारं कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे जहाज 1990 सालचं. तेव्हाचं नाव नॉर्डिक एम्प्रेस. त्या पिढीतल्या जहाजांवर बाल्कन्या मोजक्याच असत आणि केबिनही आजच्या मानाने लहान. दोन रात्रींच्या फेरीला मोजक्यांपैकी एक बाल्कनी पटकावण्यासाठी भरमसाट पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. उघडा डेक सगळ्यांचाच आहे. घेणारच असाल तर बाजू पाहा. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या जहाजाच्या उजव्या अंगाला सूर्यास्त असतो, डाव्या अंगाला किनारा. परतताना उलट. अलास्कासारख्या ठिकाणी मात्र बाजूची फार चिंता करू नये. ग्लेशियर बेमध्ये हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरवतात, दोन्हीकडच्यांना दिसावं म्हणून.

आणि बाल्कनीच्या कठड्यावर ओला टॉवेल वाळत घालायचा नसतो. वाऱ्याने उडतो, शिवाय नियमातही बसत नाही. बऱ्याच जहाजांवर बाथरूममध्ये ओढून काढायची छोटी दोरी असते. हुकाचा चुंबक सोबत नेला तर आणखी सोय. केबिनच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, चुंबक छान चिकटतो. घरची इस्त्री मात्र नेऊ नये. आगीच्या भीतीने ती चढतानाच काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात.

“आतली केबिन कोंदट, आणि काही झालं तर आधी आपणच अडकणार”

कोंदट म्हणावं तर हवा सगळीकडे त्याच वातानुकूलन यंत्रणेतून येते. अंधार मात्र खरा. दिवा विझवला की दुपारी बारालाही मध्यरात्र. ज्यांना झोप प्यारी आहे आणि उन्हाळ्यात नॉर्वेला जायचंय, जिथे रात्री अकरालाही उजेड असतो, त्यांना हाच अंधार आवडेल. काही जहाजांवर आतल्या केबिनच्या भिंतीवर पडदा लावून बाहेरच्या कॅमेऱ्याचं दृश्य दाखवतात. डिस्ने ड्रीमवर 2011 पासून तशा गोल ‘खिडक्या’ आहेत. तीन-चार रात्रींची सिंगापूर क्रूझ असेल आणि खोलीत फक्त झोपायला येणार असाल, तर आतली केबिन पुरे.

भीतीचा भाग मी हसण्यावारी नेणार नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, त्या गोष्टी कोकणातल्या घरांत अजून सांगितल्या जातात. पण आपत्तीत माणूस वाचतो तो केबिनच्या मजल्यामुळे नव्हे, वेळेत जमण्याच्या ठिकाणी पोहोचल्यामुळे. त्या ठिकाणाचा नंबर तुमच्या खोलीच्या कार्डावर किंवा दाराच्या मागे लिहिलेला असतो. जानेवारी 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकाला धडकलं, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला: आता ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. बुफे गाठण्याच्या नादात ती चुकवणारे बाल्कनीवालेही असतात.

“स्वस्त केबिनवाल्यांना जेवणही साधं”

बहुतेक जहाजांवर मुख्य डायनिंग हॉल, बुफे, नाटक, पूल सगळ्यांना सारखेच. अपवाद आहेत आणि ते लपवलेले नसतात. क्युनार्डच्या जहाजांवर कुठल्या रेस्तराँत जेवायचं हे आजही केबिनच्या दर्जावरून ठरतं. एमएससीचा यॉट क्लब किंवा नॉर्वेजियनचा हेवन म्हणजे जहाजातच वेगळ्या दाराआड वेगळं रेस्तराँ. काही कंपन्यांत सुइटवाल्यांचा दररोजचा सर्व्हिस चार्जही माणशी जास्त असतो, तो हिशेबात धरावा.

“थांबलं की स्वस्त मिळते, वर अपग्रेडही”

दर दोघांनी केबिन वापरायची असं धरून माणशी लिहिलेला असतो. एकट्याने गेलात तर दुसऱ्याचेही बरेचसे पैसे द्यावे लागतात. नॉर्वेजियन एपिकवर 2010 पासून एकट्यांसाठी छोट्या खोल्या आहेत, पण असं सगळीकडे नाही. ‘गॅरंटी’ केबिनमध्ये हमी फक्त वर्गाची असते, जागेची नाही. नंबर कंपनी ठरवते आणि तो बदलून मिळत नाही. एकट्यादुकट्याने ही जोखीम घ्यायला हरकत नाही. दोन केबिन जवळजवळ हव्या असलेल्या कुटुंबाने घेऊ नये. फुकट अपग्रेडचंही तसंच. मधली शांत खिडकी सोडून जिमखालची बाल्कनी मिळाली, तर बढती कसली? ‘अपग्रेड नको’ असं नोंदवायची सोय बहुतेक कंपन्यांत असते.

चौघांना एकाच केबिनमध्ये जायचं असेल, तर उशीर आणखी महागात पडतो. जहाजावर किती माणसं न्यायची हे लाइफबोटींच्या क्षमतेशी बांधलेलं असतं, आणि लाइफबोटी जहाजाच्या ठरावीक भागांना वाटून दिलेल्या असतात. एका भागात छतातून खाली येणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या बर्थची माणसं आधीच भरली, की तिथल्या रिकाम्या केबिनही चौघांना विकत नाहीत. स्क्रीनवर केबिन दिसते, चार माणसं टाकली की गायब होते. एजंटला सांगून जहाजाच्या दुसऱ्या भागात चार बर्थची केबिन शोधायला लावावी.