अंगुलित्राण : धनुर्धराच्या बोटांची गोष्ट

माझ्या टेबलावर कातड्याचा एक तुकडा आहे. तीन बोटांवर जेमतेम मावेल एवढा. मधोमध एक चीर, मागे बोटात अडकवायचा पट्टा. गुळगुळीत बाजूवर एक आडवी, काळपट खाच पडली आहे. काही हजार वेळा प्रत्यंचा त्या खाचेतून सुटून गेली. हा तुकडा हाती येण्यापूर्वी दोन महिने मी त्याहून पातळ, मऊ कातड्यावर भागवलं होतं. परिणामी उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक तीन आठवडे बधिर राहिलं. शर्टाचं बटण लावताना ते बोट दुसऱ्या कुणाचं तरी वाटायचं.

नवखा धनुर्धर धनुष्याची चौकशी महिनाभर करतो, बाणांची आठवडाभर. बोटांवर काय घालायचं हा प्रश्न मात्र दुकानातून निघता निघता उरकतो. मीही तेच केलं. बोट बरं झाल्यावर मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं, की माणसाने या एवढ्याशा वस्तूचा विचार तीन हजार वर्षांहून अधिक काळ केलेला आहे.

बोटांवर नेमका भार किती?

४० पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं की बोटांवर सुमारे १८ किलो भार येतो. प्रत्यंचेची जाडी दोन-तीन मिलिमीटर. अठरा लिटर पाण्याची बादली सुतळीला बांधून तीन बोटांच्या पेरांवर तोलून धरावी, तसा हा प्रकार. दिवसाला शंभर बाण सोडले तर बोटांनी अठरा क्विंटल ओझं पेललेलं असतं. कातडी सोलवटते, फोड येतात, घट्टे पडतात. पण खरी काळजी त्याखालच्या नसांची. बोटाच्या दोन्ही कडांनी जाणाऱ्या नसा दोरीखाली पुन्हा पुन्हा दाबल्या गेल्या, की मुंग्या येतात आणि पुढे बधिरपणा. घट्टा पडला म्हणजे बोट तयार झालं, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. घट्टा कातडीला पडतो, नसेला पडत नाही.

घोरपडीचं कातडं आणि एकलव्याचा अंगठा

धनुर्धराच्या हाताच्या आवरणाची आपल्याकडची सर्वांत जुनी नोंद ऋग्वेदात सापडते. सहाव्या मंडलातलं ७५वं सूक्त शस्त्रास्त्रांचं आहे. चिलखत, धनुष्य, प्रत्यंचा, भाता यांच्याबरोबर त्यात ‘हस्तघ्न’ येतो. प्रत्यंचेचा फटका अडवण्यासाठी तो हाताला सापासारखा वेढे घालून बसतो, असं तिथे वर्णन आहे. रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांच्या मागोमाग निघालेले राम-लक्ष्मण ‘गोधा’ आणि ‘अंगुलित्राण’ बांधून निघतात. गोधा म्हणजे घोरपड. धनुष्य धरणाऱ्या हाताला बांधायच्या चामडी पट्ट्याला तिचंच नाव मिळालं. अंगुलित्राण प्रत्यंचा ओढणाऱ्या बोटांसाठी. यज्ञाच्या रक्षणाला निघालेल्या राजपुत्रांचं वर्णन करताना कवीला बोटांचं आवरण सांगावंसं वाटलं, यातच त्याचं मोल कळतं.

महाभारतातली एकलव्याची कथा आपण गुरुदक्षिणेची म्हणून ऐकतो. धनुर्विद्येच्या अंगाने वाचली की आदिपर्वातला एक तपशील थबकवतो. अंगठा दिल्यानंतरही एकलव्य बाण सोडतो, उरलेल्या बोटांनी. पण आधीची चपळाई त्यात राहत नाही. अंगठ्याने ओढणं आणि बोटांनी ओढणं या दोन वेगळ्या रीती आहेत आणि त्यांचा वेगही वेगळा, हे कथाकाराला नीट ठाऊक होतं. भिल्ल समाजात आजही एकलव्याच्या स्मरणार्थ अंगठा न लावता तर्जनी आणि मधल्या बोटाने बाण सोडण्याची प्रथा सांगितली जाते. त्यांच्या कामठ्याची, म्हणजे बांबूच्या धनुष्याची, दोरीही पुष्कळदा बांबूच्याच चपट्या कांबीची असते. चपटी दोरी गोल दोरीपेक्षा बोटाच्या अधिक भागावर टेकते, त्यामुळे तेवढाच भार कमी रुततो. अंगुलित्राणाचं थोडं काम इथे दोरीनेच उचललेलं आहे.

ज्या आणि जिहगीर

बाण सोडण्याच्या रीतींची पहिली पद्धतशीर वर्गवारी अमेरिकी अभ्यासक एडवर्ड मोर्स यांनी १८८५ साली मांडली. त्यातल्या दोन रीती आज सर्वाधिक चालतात. युरोपात रुळलेली तीन बोटांची ‘भूमध्य’ रीत आणि आशियाभर पसरलेली अंगठ्याची ‘मंगोल’ रीत.

अंगठ्याच्या रीतीत दोरीभोवती अंगठा दुमडायचा आणि त्याच्या नखावर तर्जनी दाबून कुलूप घालायचं. घोडेस्वाराचं शिंग आणि कंडरांचं धनुष्य आखूड असतं. ते पूर्ण ओढलं की दोरीचा कोन इतका निमुळता होतो, की तीन बोटं त्यात चिमटतात. एकट्या अंगठ्याला मात्र तिथे जागा मिळते. पण सगळा भारही त्या एकट्यावर येतो, म्हणून अंगठी. चीनमध्ये आन्यांग इथे १९७६ साली फू हाओ या राणी-सेनानीचं थडगं उघडलं. इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराच्या त्या थडग्यात जेडची अंगठ्यात घालायची अंगठी मिळाली, दोरीसाठी कोरलेल्या खाचेसह.

फारसीत या अंगठीला ‘जिहगीर’ म्हणतात. जिह म्हणजे प्रत्यंचा, आपल्या संस्कृत ‘ज्या’ची सख्खी बहीण. आणि गीर म्हणजे पकडणारा. आलमगीर जग मुठीत घेणारा, जिहगीर दोरी पकडणारी. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात शाहजहानच्या किताबाची अक्षरं कोरलेली जेडची अशी अंगठी आहे. दरबारात ती वैभवाची खूण झाली, पण तिचा लांबट आकार आणि अंगठ्याच्या पेरावर येणारी जीभ ही मूळ कामाची आठवण आहे. सामान्य तिरंदाजाची अंगठी शिंगाची, हाडाची, धातूची किंवा जाड चामड्याची असे. अंगठ्याच्या याच रीतीची तुर्की तिरंदाजीची परंपरा २०१९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

जपानने अंगठ्यासाठी वेगळी वाट काढली. तिथला ‘युगाके’ हा हरणाच्या कातड्याचा हातमोजा. त्याचा अंगठा आतून शिंग किंवा लाकूड घालून कडक केलेला असतो आणि बुडाशी दोरी अडकायला खाच असते. तीन बोटं झाकणारा ‘मित्सुगाके’, चार झाकणारा ‘योत्सुगाके’. घामाने कातडं खराब होऊ नये म्हणून आत सुती मोजा घालतात. हातमोजा चढवताना खाली गुडघ्यांवर बसण्याची शिस्त आहे.

इंग्लंडचा धडा

१५४५ साली रॉजर ॲस्कम यांनी ‘टॉक्सोफिलस’ हे तिरंदाजीवरचं पुस्तक आठव्या हेन्रीला अर्पण केलं. त्यात बोटांच्या हातमोज्यावर स्वतंत्र विवेचन आहे. बाणाच्या खाचेने बोट दुखत असेल तर अस्तर आणि कातडं यांच्यामध्ये हंसाच्या पिसाची चिरलेली दांडी शिवावी, इतका बारीक सल्ला ते देतात. त्याच वर्षी बुडालेलं ‘मेरी रोज’ हे इंग्रज युद्धजहाज १९८२ साली वर काढलं गेलं. त्यावरच्या धनुष्यांची ताकद अभ्यासकांनी सुमारे १०० ते १८५ पौंड काढली. एवढा भार रोज ओढणाऱ्यांच्या काळातला लेखक उघड्या बोटांची फुशारकी मारत नाही, हे आपण लक्षात घ्यावं.

मग निवड कशी करावी?

पहिली गोष्ट, धनुष्याची रीत ठरवा. लांब धनुष्याला तीन बोटं, आखूड आशियाई धनुष्याला अंगठा. अंगुलित्राण त्यानंतर.

तीन बोटांसाठी दोन पर्याय. हातमोज्यात तीन बोटांना तीन टोप्या आणि मनगटाला पट्टा. तो दिवसभर हातात राहतो, बाण चाचपून लावता येतो, रानात फिरत नेम धरणाऱ्याला सोयीचा. पण टोप्या हळूहळू बोटाचा आकार सोडतात आणि दोरी सुटताना तिन्ही थोड्या वेगवेगळ्या घसरतात. ज्याला टॅब म्हणतात तो सलग तुकडा तिन्ही बोटांखाली एकच पृष्ठभाग देतो, म्हणून दोरी स्वच्छ सुटते. तर्जनी आणि मधल्या बोटामध्ये छोटी गादी असेल तर बाण चिमटला जात नाही. माझा कौल नवशिक्यासाठी टॅबलाच आहे.

टॅब बोटांच्या टोकांपुढे फार लोंबू नये, तेवढा कात्रीने कापावा. कातडं फार जाड असेल तर दोरी कुठे आहे ते कळत नाही, फार पातळ असेल तर माझं झालं तसं होतं. घोड्याच्या पाठीमागच्या भागाचं घट्ट कातडं, ज्याला कॉर्डोव्हान म्हणतात, ते टिकाऊ आणि गुळगुळीत. नवा टॅब शे-दोनशे बाणांनंतर बसतो. टॅब बदलला की बाणाची जागाही थोडी बदलते, म्हणून दोन टॅब एकाच वेळी वापरात आणून तयार ठेवावेत. आपल्या पावसाळ्यात ओलं कातडं फुगतं आणि बुरशी धरते. ते सावलीत वाळवावं, चुलीजवळ किंवा उन्हात नव्हे.

अंगठी घेताना आधी चामड्याची घ्या. अंगठ्याची रीत हातात बसली की शिंगाची. चांगली अंगठी आडवी धरून सांध्यावरून सरकवायची आणि मग पाव फेरा वळवायची. वळवल्यावर ती निसटता कामा नये, पण अंगठा काळानिळाही पडता कामा नये. उन्हाळ्यात बोट फुगतं, हिवाळ्यात आक्रसतं. म्हणून आत चामड्याची पातळ पट्टी घालण्याइतकी जागा ठेवावी.

२०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात सोनं आणलं. त्या प्रकारात दोरी यांत्रिक कळीने सुटते, बोट तिला लागतच नाही. त्यांच्याकडे पाहून राज्यातली कितीतरी मुलं आता मैदानावर येत आहेत. त्यातली बरीचशी बांबूच्या किंवा साध्या लाकडी धनुष्याने, उघड्या बोटांनी सुरुवात करतात. पालकांना आणि शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. मुलाच्या हाती धनुष्य देण्याआधी त्याच्या बोटांवर कातडं द्या. धनुष्य हलकं, १५-२० पौंडांचं असू द्या. मुंग्या आल्या असं मूल म्हणालं, तर त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवा. धनुष्य मोडलं तर दुसरं आणता येतं. मूल मोठं झाल्यावर लिहायला, शिवायला, पेरायला त्याला हीच बोटं लागणार आहेत.