२२/७ कोठून आले?

पायची किंमत किती, असे वर्गात विचारले की भराभर हात वर होतात आणि एकच उत्तर येते : बावीस सप्तमांश. आता २२ ला ७ ने भागून पाहा. ३.१४२८... येतात. पाय तर ३.१४१५... आहे. म्हणजे २२/७ ही पायहून थोडी मोठी संख्या झाली. गंमत अशी, की ज्या गणितज्ञामुळे ती आपल्याला मिळाली, त्याला हे पक्के ठाऊक होते!

परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त असतो, ही माहिती फार जुनी. इजिप्तमधील आहमीस नावाच्या लेखनिकाने इ. स. पूर्व १६५० च्या सुमारास पपायरसवर काही गणिते उतरवून ठेवली. त्यांत ९ एकक व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ८ एकक बाजूच्या चौरसाएवढे धरले आहे. त्यावरून पाय २५६/८१, म्हणजे सुमारे ३.१६०५ येतो. चूक शेकडा एकाहूनही कमी! पण ही किंमत खरीपेक्षा कमी की जास्त, आणि कितीने, याबद्दल तेथे अवाक्षर नाही. प्रयोगशाळेत कोणी असे मापन लिहून आणले, तर मी विचारतो, “अधिक-उणे किती?”

त्या प्रश्नाचे उत्तर इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने दिले. वर्तुळाच्या आत सुसम षट्कोन काढा. त्याची बाजू त्रिज्येएवढी, म्हणून परिमिती व्यासाच्या बरोबर तिप्पट. आता वर्तुळाला बाहेरून स्पर्श करणारा षट्कोन काढा. त्याची परिमिती व्यासाच्या सुमारे ३.४६४ पट भरते. परीघ या दोहोंच्या मध्ये कोंडला गेला! आर्किमिडीज मग बाजू दुप्पट करीत गेला : १२, २४, ४८ आणि शेवटी ९६.

सांगायला सोपे, पण त्याच्यापाशी ना शून्य होते, ना दशांश चिन्ह, आणि पायरीपायरीला वर्गमूळ काढायचे! ३ चे वर्गमूळ त्याने २६५/१५३ आणि १३५१/७८० यांच्यामध्ये धरले. यांतला लहान अपूर्णांक बाहेरच्या बहुभुजासाठी, मोठा आतल्यासाठी. कारण अशा निवडीने बाहेरची परिमिती चुकलीच तर मोठी होते आणि आतली लहान. परीघ कुंपणाबाहेर निसटत नाही. पुढच्या प्रत्येक वर्गमुळाला हीच खबरदारी. मला तर ९६ बाजूंपेक्षा या सावधपणाचेच कौतुक अधिक वाटते.

निष्कर्ष असा : पाय २२३/७१ हून मोठा आणि २२/७ हून लहान. दोहोंत अंतर फक्त १/४९७. एक मीटर व्यासाच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची, तर लांबीत शंका उरेल ती सुमारे दोन मिलिमीटरची. आपण मात्र या कुंपणाची एकच बाजू पाठ केली.

पुढे चीनमध्ये पाचव्या शतकात त्सू छुंग-चीने पायला ३.१४१५९२६ आणि ३.१४१५९२७ यांच्यामध्ये बसवले. आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे स्पष्ट म्हटले.

आर्किमिडीजचा हिशेब तुम्हालाही करता येईल. व्यास १ धरा. बाहेरची परिमिती ३.४६४१, आतली ३. दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला त्यांच्या बेरजेने भागा. ही बारा बाजूंची बाहेरची परिमिती. तिला आतल्या जुन्या परिमितीने गुणून वर्गमूळ काढा, ही आतली. ३.२१५४ आणि ३.१०५८ आले का? मग हेच आणखी तीनदा करा.