पांढरं पडलेलं इंजिन

मोटारसायकलीचं वय आधी दिसतं ते इंजिनाच्या कव्हरांवर. टाकीचा रंग वीस-पंचवीस वर्षं तग धरतो, सीटचं रेक्झिन कधीही नवं शिवून मिळतं. पण दोन्ही बाजूंची अ‍ॅल्युमिनियमची कव्हरं कधी पांढरी पडली, त्यांवर बारीक खड्डे कधी उठले, हे मालकाच्या ध्यानातही येत नाही. मग खंडेनवमी येते. गाडी धुऊन पुसून झेंडूचा हार घालायला माणूस जवळ बसतो, आणि तेव्हा त्याला दिसतं की साबण संपला तरी इंजिन काही उजळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मिस्त्रीकडे जातो आणि म्हणतो, ‘बफ मारून द्या.’ या लेखाचं भांडण त्या एका वाक्याशी आहे.

अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातलं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर. इथे मोटारसायकल हे हौसेचं वाहन नाही, ते शेतीचं अवजार आहे. तिच्या कॅरिअरवर युरियाची गोणी असते, हँडलला दुधाच्या कॅन लटकतात, मागे फवारणीचा पंप बांधलेला असतो. 1962 पासून एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून बनवलेली राजदूत देशभर दूधवाल्यांची गाडी म्हणून ओळखली गेली ती उगाच नव्हे. म्हैसूरची जावा 1961 ची. 1985 साली हिरो होंडाची सीडी-100 आणि यामाहाची आरएक्स-100 आल्या. त्याच वर्षी बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याला लागून असलेल्या या मुलखाला गाड्यांचं गाव शेजारी मिळालं. एमएच-28 ची पाटी लावलेल्या गाड्यांत त्या पिढीतल्या काही अजून कामावर आहेत.

चमक का जाते, याची उत्तरं प्रत्येक मुलखाची वेगळी. कोकणात खारा वारा लोखंड खातो. इथली हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, त्यामुळे गंज तितका धावत नाही. इथे शत्रू दुसरे आहेत. एक, काळी माती. ती मडगार्डच्या आतल्या बाजूला लिंपून बसते आणि वरून सुकल्यासारखी दिसली तरी आत ओल धरून ठेवते, म्हणून मडगार्ड बाहेरून कुजत नाही, आतून कुजतं. दोन, खतं. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो. पोटॅशच्या खतात क्लोराइड असतं, आणि अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडायला क्लोराइडसारखा दुसरा पदार्थ नाही. तीन, सांडलेलं दूध. ते आंबतं, त्यातलं आम्ल कव्हराच्या खाचेत बसतं. चौथा शत्रू सूर्य. विदर्भाचं ऊन धातूचं काही बिघडवत नाही, पण धातूवरचा पारदर्शक थर पिवळा करतं आणि त्याचे पापुद्रे काढतं.

हा थर इथे सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणाला माहीत नसतो. कारखान्यातून येताना अनेक गाड्यांची कव्हरं पॉलिश करून वर लॅकर मारलेली असत. लॅकरला दगड लागून एक टवका उडाला की त्या फटीतून पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पसरतं. मग कव्हरावर जे पांढरट चित्र उमटतं ते धूळ नव्हे, तो अ‍ॅल्युमिनियमचा पाणी धरलेला ऑक्साइड आहे. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा असतो. तो धातूचं रक्षण करतो. बिघडतं ते पाणी आणि क्षार आत अडकल्यावर.

म्हणून पहिलं काम घासण्याचं नाही, ओळखण्याचं. एकाच जुन्या गाडीवर किमान सहा प्रकारची धातूची पृष्ठं असतात: लॅकरखालचं पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम, चंदेरी रंग फवारलेलं इंजिन, बिडाचा सिलिंडर, निकेल-क्रोम केलेलं लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेले नट-बोल्ट, आणि फोर्क पाइपवरचं कठीण क्रोम. सहाही एकाच चाकावर धरले तर गाडी चमकते खरी, पण ती चमक त्या गाडीची नसते. सीडी-100 च्या धर्तीच्या जपानी इंजिनांचा मधला भाग कधी आरशासारखा नव्हताच. त्यावर चंदेरी रंग होता. आज ‘रिस्टोअर’ म्हणून मिरवणाऱ्या किती तरी गाड्या शोरूममधून निघाल्या तेव्हाच्यापेक्षा जास्त चकाकतात. मला हे नव्या नवरीच्या गालावर भिंतीचा ऑइलपेंट मारल्यासारखं वाटतं. कुणाला ते आवडतं, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्याला जुनं म्हणू नये.

कव्हराचं काम गावातल्या गॅरेजमध्येही नीट होऊ शकतं. ऑइल काढायचं, कव्हर उतरवायचं. यातली गोम स्क्रूंमध्ये आहे. जपानी गाड्यांच्या स्क्रूंची डोकी नेहमीच्या चौफुलीच्या पेचकसाला नीट बसत नाहीत, घसरून गोल होतात. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा एक ठोका तिथे तासाभराची शिवीगाळ वाचवतो. जुनं पॅकिंग फाटणार हे धरून नवं आधीच आणून ठेवायचं. मग पेंट रिमूव्हर लावून लॅकर काढायचं. कॉस्टिक सोडा वापरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तो लोखंडावरचा रंग झटपट काढतो. अ‍ॅल्युमिनियमला तो खाऊन टाकतो, बुडबुडे येतात आणि कव्हर काळं होऊन बाहेर येतं.

मग वॉटर पेपर. खड्डे खोल असतील तर 240 पासून, नाही तर 400 पासून. पुढे 600, 800, 1000, 1500. साबणाच्या पाण्यात भिजवून. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. हे कंटाळवाणं काम आहे आणि निम्मे लोक 600 वर थांबून थेट बफवर जातात. बफ ओरखडे काढत नाही, त्यांच्या कडा गोल करून त्यांना चमकवतो. उन्हात उभं केलं की त्या कव्हरावर कोळ्याचं जाळं दिसतं.

बफिंगला आधी काथ्याचं चाक, मग कापडाचं. चाकाला लस्टरची, म्हणजे पॉलिशच्या मसाल्याची, कांडी लावायची, थोडीच. भाग नेहमी चाकाच्या मध्याच्या खाली धरायचा. वरच्या अंगाला धरला तर चाक तो हिसकावून घेतं आणि कधी माणसाच्या अंगावर फेकतं. हातमोज्यांचा सैल धागा, शर्टाची बाही, गळ्यातला रुमाल, हे सगळं चाकाला आवडतं. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: ज्या चाकावर लोखंड घासलं त्यावर अ‍ॅल्युमिनियम धरू नये. लोखंडाचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढे तिथूनच डाग सुरू होतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, आणि लोखंडाची ठिणगी तिला पुरते. कोपऱ्यात साचलेला राखाडी भुगा ही झाडून टाकण्याची गोष्ट आहे, दुर्लक्ष करण्याची नाही. खामगाव चांदीचं गाव. सोन्या-चांदीच्या धंद्यात दुकानातली माती चाळून धातू काढणाऱ्या झारेकऱ्यांची परंपराच आहे, कारण तिथे घासलेला कण म्हणजे पैसा. गॅरेजमधल्या भुग्याला भाव नाही, म्हणून त्याची भीतीही कुणी धरत नाही.

एक इशारा कायद्याचा. इंजिन नंबर ज्या पट्टीवर कोरलेला असतो तिथे पेपर किंवा चाक लावायचं नाही. नंबर पुसट झाला की पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडीचा मालक चोर ठरतो. टाकीचा रंग बदलला तर तेही आरटीओला कळवावं लागतं, कारण आरसी बुकात रंगाची नोंद असते.

आता क्रोम. इथे गावातल्या मिस्त्रीचा हात थांबतो आणि थांबायलाच हवा.

क्रोमियमचा शोध 1797 मध्ये फ्रान्सच्या लुई-निकोला व्होकलँ यांनी सैबेरियातल्या लाल शिशाच्या खनिजात लावला. पण क्रोमचा मुलामा कारखान्यात देता येऊ लागला तो त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, 1920 च्या दशकात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि चार्ल्स एल्ड्रिज यांच्या कामानंतर. त्याआधी 1916 मध्ये ऑलिव्हर वॉट्स यांनी निकेलच्या मुलाम्याचं द्रावण बसवून दिलं होतं. आजही निकेलच्या टाक्यांत मूळ घडण तीच असते, निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल. या दोन शोधांचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मडगार्डवर थरही त्याच क्रमाने चढतात. आधी निकेल, बऱ्याचदा त्याच्याखाली तांबं, आणि सगळ्यात वर क्रोम. निकेल दहा-वीस मायक्रॉन जाड असतं. वरचं क्रोम पाव ते अर्धा मायक्रॉन. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे ज्या थराला आपण क्रोम म्हणून डोक्यावर घेतो तो केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही. गंजापासून वाचवतं ते खालचं निकेल. क्रोमचं काम निकेलला पिवळट पडू न देण्याचं आणि ती निळसर झाक देण्याचं. हे कळलं की क्रोमवर एमरी पेपर का लावायचा नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून आलेले गंजाचे तपकिरी ठिपके घालवायला साधा उपाय पुरतो. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायची. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. मग कोरडं पुसून मेण लावायचं. ठिपके पुन्हा येतील, पण उशिरा.

क्रोम पूर्ण गेलं असेल तर भाग शहरात प्लेटिंगवाल्याकडे पाठवावा लागतो. तिथे जुने थर उतरवतात आणि लोखंड घासून सपाट करतात. गंजाने खाल्लेलं पातळ मडगार्ड घासता घासता आरपार होतं, आणि दोष मग प्लेटिंगवाल्याला मिळतो; खरं तर ते आतल्या काळ्या मातीने आधीच संपवलेलं असतं. स्प्रिंगांसारखे कठीण केलेले पोलादी भाग आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन शोषतात आणि ठिसूळ होतात. त्यांना प्लेटिंगनंतर लगेच साधारण 200 अंशांवर काही तास भट्टीत ठेवावं लागतं. प्लेटिंगवाल्याला हा एक प्रश्न विचारावा, उत्तरावरून दुकानाची पारख होते. आरे मात्र नवेच घ्यावेत, जुन्यांवर क्रोम चढवण्यात ना पैसा वाचतो ना जीव. फोर्क पाइपचं प्रकरणही निराळं. त्यावरचं कठीण क्रोम कितीतरी जाड, वर ग्राइंडिंग केलेलं असतं. तिथे शोभेचं क्रोम चढवलं तर सील फाटून ऑइल गळायला लागतं.

गावाने ही टाकी स्वतःच्या अंगणात आणू नये याचं कारण त्या टाकीतलं द्रावण. क्रोमिक आम्लातलं क्रोमियम षट्संयुज असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं असं सिद्ध झालेल्या गटात ठेवलं आहे. टाकीवरच्या धुक्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं. आपल्याकडे उघड्या पाण्यात सोडण्याच्या सांडपाण्यात षट्संयुज क्रोमियम लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. युरोपीय संघाने सप्टेंबर 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर परवान्याशिवाय बंद केला. त्याला पर्याय म्हणून त्रिसंयुज क्रोम वापरात आहे. ते किंचित काळपट दिसतं, इतकंच. जुन्या गाडीचे शौकीन त्याला नाकं मुरडतात. मला ते नाक मुरडणं परवडण्याजोगं वाटत नाही.

बिडाचे सिलिंडर असलेल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना दोन्ही गोष्टी नकोत, बफ नको आणि क्रोम नको. पंख्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून उष्णतेला टिकणाऱ्या काळ्या रंगाचा एक पातळ हात पुरे. जाड थर मारला तर पंख्यांना उष्णता बाहेर टाकता येत नाही, आणि मे महिन्यात इंजिन धरतं.

आणि काही भाग आहेत तसेच सोडून द्यावेत. जुन्या वाहनांच्या जगात हा विचार आता नवा नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची 2013 ची तुरीन सनद रिस्टोरेशनपेक्षा जतनाला वरचं स्थान देते. शक्य तितका मूळ पृष्ठभाग ठेवा, असं ती सांगते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही 2021 मध्ये विंटेज वाहनांची तरतूद आली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली गाडी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन किंवा दुरुस्तीसाठी. ज्याची राजदूत अजून दूध वाहते त्याने हा मान घेतला तर दूध घरीच राहील. अमडापूरच्या मालकासाठी म्हणून प्रश्न गाडी किती खरी आहे हा नाहीच. ती आणखी दहा वर्षं चालेल असं पृष्ठ तिला कसं द्यायचं, हा आहे. त्यासाठी लॅकर परत चढवलं पाहिजे. नुसतं पॉलिश केलेलं अ‍ॅल्युमिनियम सुंदर दिसतं आणि पहिल्या पावसाळ्यात मंद पडतं.

लॅकर मारण्याआधी साबणाने धुणं, मग थिनरने पुसणं आवश्यक, कारण लस्टरमधलं मेण धातूवर राहतं आणि त्यावर लॅकर धरत नाही. बोट लागलं तरी ठसा आत कायमचा अडकतो. आणि हवा कोरडी हवी. दमट दिवशी साधं लॅकर वाळताना हवेतलं पाणी ओढून दुधी होतं, मग सगळं काम पुन्हा. जून ते सप्टेंबर म्हणून विसरावेत. पाऊस उघडून कापूस वेचणीला येतो त्या आठवड्यांत हवा कोरडी असते, फक्त तेव्हा गाडीलाही सवड नसते; म्हणून एका वेळी एकच कव्हर उतरवावं आणि भंगारातून त्याच मापाचं दुसरं कव्हर आणून तोवर गाडीवर चढवावं.