टपोरं बी की बारीक बी? सोयाबीन, ओल आणि काकांचा फोन

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लिहून काढलाय. रेकॉर्डिंगमध्ये मागे कोथरूडच्या रिक्षांचे हॉर्न आहेत, ते इथे नाहीत एवढाच फरक.

विषय निघाला काकांच्या फोनवरून. ते औसा तालुक्यात शेती करतात, मी इथे बसून कोड लिहितो. मे संपत आला होता. म्हणाले, "आरं, घरचं बी चाळलंय. टपोरं येगळं, बारीक येगळं. पेरू कोणचं?" मी म्हटलं, टपोरंच की! "आन् पाऊस लांबला तर?" मी गप्प.

गप्प, कारण २०२० आठवलं. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी अवकाळी पावसाने सोयाबीन भिजलं, आणि २०२०च्या जूनमध्ये मराठवाडा-विदर्भात बी न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. काकांचंही अर्धं रान मोकळं राहिलं. दुबार पेरणी, म्हणजे बी, खत, ट्रॅक्टर, सगळा खर्च पुन्हा.

तर मग वाचायला बसलो. सोयाबीनच्या बीला कोंब फुटायला स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी प्यावं लागतं. मक्याला तीस टक्क्यांच्या आसपास पुरतं. दाणा जितका मोठा, तितकं एकूण पाणी जास्त. शिवाय लहान दाण्याला वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून तो लवकर भिजतो. मोठ्या बॅटरीचा फोन समजा: चार्ज व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाला की दिवसभर चालतो. घोळ कुठे होतो, तर लाईट मधेच गेली की. वरवरच्या ओलीत बी फुगतं, आतली यंत्रणा सुरू होते आणि ऊन पडलं की सगळं तिथेच वाळतं. कोरडं राहिलेलं बी थांबू शकतं, अर्धवट जागं झालेलं नाही.

पण टपोऱ्याची बाजूही आहे. पहिले काही दिवस रोप डाळिंब्यांतल्या साठ्यावर जगतं. साठा मोठा तर रोप जाडजूड, मूळ दमदार. आणि ताण पडला की रोप वरची वाढ आधी आवरतं, मुळाची त्यामानाने कमी, म्हणजे ओल शोधायला खाली जातं. मात्र सोयाबीन आपल्या डाळिंब्या डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतं. पावसानंतर काळ्या रानावर पापडी धरली की मोठ्या डाळिंब्या अडकतात, मान मोडते.

मीही बाल्कनीत दोन ट्रे लावले, काकांच्याच बियांचे. पाणी मोजून, मुद्दाम कमी. बारीक आधी फुटलं, टपोऱ्यातलं बरंच नुसतं फुगून बसलं. जे उगवलं ते मात्र बारकांपेक्षा ठसठशीत. आई म्हणाली, त्या ट्रेमध्ये कोथिंबीर तरी लाव.

आणखी एक, जे मला इंजिनिअर असून आधी सुचलं नव्हतं. शंभर दाणे १० ग्रॅम भरले तर ३० किलोत ३ लाख दाणे. १५ ग्रॅम भरले तर २ लाखच. तेच वजन पेरलं की टपोऱ्याचं रान आधीच विरळ. म्हणून एकरी किलो ठरवण्याआधी शंभर दाणे तोला.

आणि हो, बारीक म्हणजे पोचट नव्हे. सुरकुतलेलं, फुटकं, डागाळलेलं बाजूलाच काढायचं. वाणावरही खूप अवलंबून असतं. आमच्या जवळच्या आघारकर संस्थेच्या वाणांना एमएसीएस हे नाव महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीवरून पडलंय, हे मला आत्ता कळलं. रोज तिथून जातो.

काकांना मी शेवटी एवढंच सांगितलं: दोन्ही ढिगांतले शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, सातव्या-आठव्या दिवशी मोजा. ७० च्या खाली आले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नका, आणि बी ३-४ सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

काका म्हणाले, "गोणपाट कालच भिजवलंय. तुला आकार इचारला होता." मग त्यांनीच ठरवलं: खोल काळ्या रानात टपोरं, माळावरच्या हलक्या तुकड्यात बारीक. परवा फोन आला होता. टपोऱ्याचे ८१ उगवलेत, बारकाचे ८४. पाऊस अजून नाही.