वारणेकाठचे बंडखोर

वारणा ही नदी लांबीने लहान असली तरी जुन्या राज्यव्यवस्थेत तिला सरहद्दीचा मान होता. दक्षिण तीरावर करवीर संस्थानचा पन्हाळा-शाहूवाडीचा मुलूख, उत्तर तीरावर इंग्रजी अमलातील सातारा जिल्ह्याचा शिराळा-वाळव्याचा भाग, आणि पश्चिमेस दोन्ही तीरांना सारखाच आसरा देणारे सह्याद्रीचे निबिड अरण्य. ज्याच्या मागे फौजदाराचे शिपाई लागले आहेत अशा माणसास एका रात्रीत नदी उतरून दुसऱ्या अमलात जाता येई. या खोऱ्यात धाडसी पुंडांच्या कथा इतक्या उदंड का झाल्या, याचे पहिले उत्तर या भूगोलात आहे. दुसरे मात्र दप्तरात शोधावे लागते.

करवीर राज्यातील गडकरी पिढ्यानपिढ्या किल्ल्यांची राखण करीत आणि त्या चाकरीबद्दल मिळालेल्या जमिनींवर निर्वाह चालवीत. इंग्रजांच्या पाठबळाने कारभारावर आलेल्या दाजी कृष्ण पंडितांनी ही वंशपरंपरागत व्यवस्था मोडावयास घेतली, तेव्हा १८४४ साली सामानगड आणि भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड पन्हाळ्यापर्यंत पसरले. कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्यास बंडवाल्यांनी पकडून गडावर कोंडले, आणि डिसेंबरच्या प्रारंभी फौजेने हल्ला करून पन्हाळा घेतला. सरकारी कागदांत हे सारे बंडखोर ठरले. पण काल जो वतनाने रक्षक होता तो जागचा न हलता आज गुन्हेगार झाला, कारण कायदाच त्याच्यावरून सरकून पुढे गेला होता. आणि पुंडाविषयी रयतेला वाटणाऱ्या जिव्हाळ्याचे मूळ, माझ्या मते, त्याच्या शौर्याहून अधिक या अन्यायाच्या जाणिवेत आहे.

पुढे तर जन्मच गुन्हा ठरला. उत्तर हिंदुस्थानात १८७१ साली सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या सुधारणेने साऱ्या ब्रिटिश मुलखास लागू करता येऊ लागला, आणि नोंद झालेल्या जातींतील माणसांना, त्यांनी काही केलेले असो वा नसो, हजेरी देणे भाग पडले. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फकिरा’ कादंबरीचा नायक याच जाचातून उभा राहतो. उपाशी माणसांसाठी तो सरकारी खजिना लुटतो आणि आपल्या लोकांना सरकारने ओलीस धरल्यावर त्यांच्या सुटकेसाठी स्वतः हजर होतो. याच लेखकाच्या ‘वारणेचा वाघ’मधील सत्तू भोसलेही त्याच मातीतला. दोघांनाही पुढे चित्रपटाचा पडदा लाभला, आणि ज्यांच्या आजोबांनी बहुधा दरोड्याच्या भीतीने दागिने जमिनीत पुरले असतील त्या प्रेक्षकांनी मोठ्या प्रेमाने टाळ्या वाजवल्या.

या प्रेमात थोडी लबाडी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा कथांत लुटला जातो तो नेहमी खजिना किंवा सावकार; ज्याच्या कळपातले मेंढरू रात्री नाहीसे झाले त्या धनगराला तेथे कडवे मिळत नाही. शिवाय अद्भुताची गोडी काळाच्या अंतराने वाढते. जून १९४३ मध्ये नाना पाटलांच्या प्रतिसरकारातील तरुणांनी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली, तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्या खेड्यांच्या वाट्याला पोलिसांचे छापे आले; कौतुक निर्धास्तपणे करण्याची सवड पुढच्या पिढीला मिळाली.

करवीरात मात्र एक निराळा प्रयोग झाला, आणि त्यात घोडदौड, चकमक, फितुरी यांपैकी काहीच नसल्यामुळे तो शाहिरांच्या फारसा उपयोगाचा नाही. शाहू छत्रपतींनी चोरीच्या शिक्क्याने बदनाम झालेल्या फासेपारध्यांना सोनतळीच्या आपल्या छावणीजवळ वसवले आणि ज्यांच्यापासून लोक आपली घरे राखीत त्यांनाच राखणीची चाकरी दिली. १९१८ साली त्यांनी महार, मांग, रामोशी आणि बेरड यांची गावोगावची हजेरी हुकूम काढून बंद केली. देशभरातला गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होण्यास त्यानंतर १९५२ साल उजाडावे लागले.