ट्रान्झिस्टरचा पेपर

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ. वडील तो कातडी खोळीत घालून खुंटीला अडकवत. त्याच्या पोटात हरभऱ्याएवढा, तीन पायांचा एक जिन्नस असतो आणि त्याचंच नाव रेडिओला पडलंय, हे मला पन्नाशीनंतर कळलं. तेही धाकटी मुलगी नापास झाली म्हणून.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरचा पेपर तिचा राहिला होता, आणि या खेपेलाही राहिला तर वर्ष जाणार होतं. फजरच्या नमाजला उठलो की तिच्या खोलीत दिवा दिसे. एकदा चहा घेऊन गेलो तर भिंतभर सूत्रं चिकटवलेली. मी म्हटलं, ''बेटा, यातलं एक मला समजावून सांग.''

''अब्बा, तुम्हाला काय कळणार!'' ती चिडलीच. मग सांगू लागली आणि दोन मिनिटांत स्वतःच अडली. तिथून आमचा अभ्यास सुरू झाला.

ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसमधून अगदी थोडा प्रवाह सोडला की कलेक्टरकडून एमिटरकडे त्याच्या शंभरेक पट प्रवाह वाहतो. पाटाच्या दारासारखं हे. दार हलवायला हाताचा जोर पुरतो, पाणी मात्र धरणाचं असतं. इथे धरण म्हणजे बॅटरी. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला, तेव्हा त्यातून माणसाचा आवाजच मोठा करून ऐकवला होता.

आता गोम अशी, की एकाच तारेत दोन गोष्टी नांदत असतात. बॅटरीचा स्थिर प्रवाह, आणि त्यावर आवाजाची बारीक थरथर. माझी मुलगी दोन्हींचा हिशेब एकदम मांडत होती. सर्किट एकच असलं तरी ते दोनदा वाचायचं असतं.

पहिल्या वाचनात आवाज विसरायचा. कपॅसिटर स्थिर प्रवाह अडवतो, म्हणून जिथे कपॅसिटर तिथे तार तुटली असं समजायचं. तिच्या वहीतलं गणित सांगतो. बॅटरी १२ व्होल्टची. बेसला दोन रोध, वरचा १०० किलोओहम, खालचा २०. वाटणीत बेसला आले २ व्होल्ट. बेस ते एमिटर ०.७ जातात, उरले १.३. एमिटरचा रोध १.३ किलोओहम, म्हणजे प्रवाह १ मिलिअँपिअर. कलेक्टरच्या ५ किलोओहमवर ५ व्होल्ट पडले, कलेक्टरला राहिले ७. वर-खाली डोलायला जागा आहे. ही जागा नसेल तर आवाज वरून नाही तर खालून कापला जातो, रेडिओ फाटक्या गळ्याने बोलतो.

दुसऱ्या वाचनात बॅटरी विसरायची. आता कपॅसिटर म्हणजे साधी तार. आणि १२ व्होल्टचं टोक चक्क जमिनीला जोडायचं! इथेच ती अडली होती. ''बॅटरी आहे ना तिथे, मग जमीन कशी?'' पुस्तकात एका ओळीत उरकलं होतं. आम्ही त्यावर अख्खी सकाळ घातली. उत्तर साधं निघालं. या वाचनात आपण फक्त थरथर मोजतोय. १२ व्होल्टचं टोक कायम १२ च राहतं, थरथरत नाही. जे थरथरत नाही ते थरथरीच्या हिशेबात शून्य, म्हणजे जमीनच. हे पटल्यावर तिने भिंतीवरची निम्मी सूत्रं काढून टाकली.

पहिलं वाचन दुसऱ्याच्या कामी येतं. २५ मिलिव्होल्टला त्या १ मिलिअँपिअरने भागलं की एमिटरचा आतला रोध मिळतो, २५ ओहम. एमिटरच्या बाहेरच्या रोधाला समांतर कपॅसिटर असेल, तर थरथरीला तो रोध दिसतच नाही. मग वाढ ५००० भागिले २५, म्हणजे २०० पट. आणि आधी उणे चिन्ह. बेस वर गेला की प्रवाह वाढतो, कलेक्टरच्या रोधावर जास्त व्होल्ट पडतात, म्हणून कलेक्टर खाली येतो. हे चिन्ह विसरल्याने तिचे मागच्या वेळी गुण गेले होते. गझलेत एक मात्रा चुकली तर मुशायऱ्यात फार तर भुवया उंचावतात. इथे वर्ष जातं.

तो एमिटरचा कपॅसिटर काढला तर काय, हे मी सहज विचारलं होतं. तेव्हा १.३ किलोओहमही मोजावा लागतो, आणि वाढ घसरते चारच्याही खाली. ''एवढीशी?'' मी म्हटलं. ''हो, पण भरवशाची,'' ती म्हणाली. ट्रान्झिस्टर बदलला, तापला, तरी फारशी हलत नाही.

पेपरच्या दिवशी ती दुपारी परतली. चपला काढता काढताच म्हणाली, ''अब्बा, एमिटरला कपॅसिटर नव्हता.''

''आकडे?''

''आपलेच म्हणा ना, थोडे इकडेतिकडे.''

''मग किती लिहिलंस?''

''उणे ३.८.''

अम्मीने विचारलं, हे काय बोलताय दोघं?